पहिला लॅपटॉप: जे नंतर बदलत नाही, ते आधी

दुकानात मांडलेल्या प्रत्येक लॅपटॉपपुढे एक छोटं कार्ड असतं. ‘कोअर आय५, १६ जीबी, ५१२ एसएसडी, १५.६ एफएचडी, विंडोज ११, ऑफिस’. शेजारच्या कार्डावरही अक्षरशः हेच लिहिलेलं असतं, किंमत मात्र दहा-बारा हजारांनी जास्त. का, म्हणून विचारलं तर ‘ते जरा हेवी मॉडेल आहे, सर’ एवढ्यावर बोलणं आटोपतं. फरक असतो, आणि पुष्कळदा पैसे वसूल होतील इतका असतो. तो त्या कार्डावर मावत नाही, एवढंच.

पहिल्यांदा लॅपटॉप घेणाऱ्याचं लक्ष मोठ्या आकड्यांकडे जातं, ते साहजिक आहे. पण त्यातला एसएसडीचा आकडा बहुतेक लॅपटॉपांत दोन वर्षांनी पैसे मोजून वाढवता येतो. रॅमही बऱ्याच मॉडेलांत वाढवता येते. पडदा मात्र घेतला तोच शेवटपर्यंत राहतो. प्रोसेसर बोर्डावर कायमचा जोडलेला असतो आणि काही मॉडेलांत रॅमही तशीच. त्यामुळे या प्रकरणाचा सगळा रोख एका क्रमावर आहे: जे नंतर बदलता येत नाही ते आधी तपासायचं आणि पैसे आधी तिथे घालायचे. बदलता येईल तिथे सुरुवातीला हात आखडता घेतला तरी चालतो.

सुरुवात खिशातल्या फोनपासून

‘रोजचा वापर आणि थोडंफार एडिटिंग’ असं सगळेच सांगतात. त्याचा अर्थ आधी स्वतःशी पक्का करायला हवा. रोजचा वापर म्हणजे ब्राउझरमध्ये उघडे दहा-पंधरा टॅब, वर्ड-एक्सेल, ऑनलाइन अर्ज, पीडीएफ, मीटिंग. यासाठी गेल्या चार-पाच वर्षांतला कुठलाही बरा लॅपटॉप पुरतो. लॅपटॉपचा कस लागतो तो एडिटिंगमध्ये. थोडंफार म्हणजे फोनवर घेतलेला पाच ते पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कापणं, त्यावर मराठी शीर्षक चढवणं, मागे संगीत आणि वर निवेदन जोडणं. फोटोंचा उजेड-रंग सुधारणं. मुलाखतीचा आवाज स्वच्छ करणं. पाठाचे व्हिडिओ करणाऱ्या शिक्षिका, पाककृतींचं चॅनल चालवणारे, गावच्या जत्रेचं चित्रण जमवणारे, या सगळ्यांचं काम यात बसतं. तीन कॅमेऱ्यांचं लग्न, थ्री-डी किंवा भारी इफेक्ट्स यात बसत नाहीत. त्यांचा हिशेब वेगळा आहे.

या कामाचा कच्चा माल फोनमधून येतो, म्हणून लॅपटॉप बघण्याआधी फोनच्या कॅमेऱ्याची सेटिंग्ज बघावीत. आयफोनसाठी अ‍ॅपलने दिलेले अंदाज असे आहेत: एका मिनिटाचा १०८०पी व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमने घेतला तर सुमारे ६० एमबी, फोर-केमध्ये त्याच वेगाने सुमारे १७० एमबी आणि फोर-केमध्ये ६० फ्रेमने सुमारे ४०० एमबी. तासाचा हिशेब केला तर अनुक्रमे साडेतीन, दहा आणि चोवीस जीबी होतात. अँड्रॉइड फोनचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण प्रमाण साधारण असंच. ज्याचा व्हिडिओ शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि यूट्यूबवर फोनच्याच पडद्यावर बघितला जाणार आहे, त्याने फोर-के ६० वर चित्रण करण्याला क्वचितच अर्थ असतो. फोनमधली ही एक सेटिंग बदलली तर लॅपटॉपची किंमत एक पायरी खाली येऊ शकते.

कापायला घेतला की व्हिडिओ अडखळतो तो का?

फोनवर सुरळीत चालणारा व्हिडिओ लॅपटॉपवर एडिटिंगला घेतला की धक्के खात चालतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्याचं कारण व्हिडिओ साठवायच्या पद्धतीत आहे. फोन प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. तसं केलं असतं तर मेमरी फार लवकर भरली असती. एच.२६४ ही २००३ची पद्धत असो की तिच्यानंतरची २०१३ची एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, दोन्हींत अधूनमधून एक फ्रेम पूर्ण लिहिली जाते आणि मधल्या फ्रेमांत फक्त काय बदललं तेवढं टिपलं जातं. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीसारखंच हे. महिन्याच्या सुरुवातीला ‘मागील बाकी’ लिहिलेली, पुढे रोजची जमा-उधार. सतरा तारखेची बाकी सांगायची तर एक तारखेपासून बेरीज करत यावं लागतं.

व्हिडिओ सरळ बघताना ही बेरीज ओघात होत जाते. एडिटिंगमध्ये मात्र आपण टाइमलाइनवर मागेपुढे उड्या मारतो. प्रत्येक उडीला जवळच्या पूर्ण फ्रेमपर्यंत मागे जाऊन बेरीज नव्याने मांडावी लागते. एच.२६५मध्ये फाइल लहान होते, पण बेरीज जास्त किचकट असते. आयफोनने २०१७पासून, आयओएस ११बरोबर, ही पद्धत उचलली आणि आज अनेक अँड्रॉइड फोनही ती देतात.

सुदैवाने ही बेरीज करण्यासाठी प्रोसेसरमध्येच वेगळी यंत्रणा बसवलेली असते. इंटेलने २०११मध्ये ‘क्विक सिंक’ या नावाने ती आणली. एएमडीच्या चिपमध्ये आणि अ‍ॅपलच्या एम-मालिकेतही अशी सोय आहे. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असलंच पाहिजे, हा समज हलक्या एडिटिंगपुरता म्हणूनच खरा नाही. पाच-सहा वर्षांतल्या चांगल्या प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स १०८०पीचं काम आरामात करतं आणि साधं फोर-केही निभावतं.

तरीही काही अडलंच, तर तीन उपाय फुकट आहेत. पहिला, प्रॉक्सी: एडिटिंगचं सॉफ्टवेअर मूळ क्लिपची हलकी प्रत करून देतं, कापाकापी त्या प्रतीवर होते आणि शेवटी फाइल बाहेर काढताना मूळ क्लिप वापरली जाते. शॉटकट, केडेनलाइव्ह, दाविंची रिझॉल्व्ह या तिन्हींत ही सोय आहे. दुसरा उपाय आवाजासाठी. फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमीजास्त करतो, त्यामुळे लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे पडतात. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने क्लिप स्थिर वेगाची करून घेतली की हे थांबतं. तिसरा, फोनमधलं एचडीआर चित्रण बंद ठेवणं. नाहीतर साध्या पडद्यावर चित्र फिकट किंवा भडक दिसतं आणि कारण काही केल्या सापडत नाही. साधारण लॅपटॉपवर एवढं केलं, तर त्याच्या दीडपट किमतीच्या यंत्राचं काम बऱ्यापैकी होतं.

प्रोसेसर: शेवटची अक्षरं वाचा

‘आय५’ किंवा ‘रायझन ५’ एवढ्याने जवळजवळ काहीच कळत नाही. पूर्ण नाव मागावं.

सगळ्यात बोलकं उदाहरण एएमडीचं. २०२३च्या मालिकेत ‘रायझन ५ ७५२०यू’ आणि ‘रायझन ५ ७५३०यू’ अशा दोन चिप शेजारी शेजारी विकल्या गेल्या. दोन्ही रायझन ५, दोन्ही ‘७०००’ मालिकेतल्या, फरक एका आकड्याचा. पण त्या मालिकेत तिसरा आकडा आतला आराखडा कोणत्या पिढीचा ते सांगतो. पहिलीत ‘२’, म्हणजे झेन २, चार कोअर आणि अगदी किरकोळ ग्राफिक्स. दुसरीत ‘३’, म्हणजे झेन ३ आणि सहा कोअर. एडिटिंगसाठी पहिली टाळावी आणि दुसरी निःशंक घ्यावी. त्यात ७५२०यूबरोबर येणारी रॅम बोर्डावरच डकवलेली असते, त्यामुळे ८ जीबीचं मॉडेल घेतलं तर ते कायम ८ जीबीचंच.

इंटेलमध्येही असाच घोळ आहे. ‘आय३-१३१५यू’मध्ये दोन वेगवान आणि चार काटकसरी असे सहा कोअर असतात. ‘आय३-एन३०५’मध्ये आठ कोअर असतात, पण सगळे काटकसरी. नावाला दोन्ही आय३च. डिसेंबर २०२३पासून इंटेलने ‘आय’ हे अक्षर हळूहळू काढून टाकलं आणि ‘कोअर अल्ट्रा ५’ अशी नावं आणली. पण त्याच सुमारास आलेल्या ‘कोअर ५ १२०यू’सारख्या नावांत ‘अल्ट्रा’ नाही, आणि आतला आराखडाही आधीच्याच पिढीचा आहे. स्वस्त मिळाला तर वाईट नाही. मात्र ‘लेटेस्ट’ म्हणून जास्त पैसे मोजू नयेत.

शेवटच्या अक्षराचा अर्थ सोपा आहे. ‘यू’ म्हणजे साधारण १५ वॉटच्या आसपास काम करणारी चिप. लॅपटॉप हलका, बॅटरी बरी. ‘एच’ म्हणजे ४५ वॉटच्या आसपासची. वेग जास्त, पण पंख्याचा आवाज, उष्णता आणि चार्जरचं वजनही जास्त. एच म्हणजे सगळ्याच बाबतींत वरचढ, असंही नाही. ‘आय५-१२४५०एच’मधलं अंगभूत ग्राफिक्स ‘आय५-१३३४यू’पेक्षा छोटं आहे. रोज पिशवीत घालून फिरणाऱ्याने यू घ्यावा. टेबलावरच ठेवून भरपूर व्हिडिओ काढणाऱ्याने एच घ्यावा.

‘एआय पीसी’ या शिक्क्याचं काय? मायक्रोसॉफ्टने २०२४मध्ये ‘कोपायलट प्लस’ हा वर्ग आणला तेव्हा त्यासाठी सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया करणारी एआय यंत्रणा, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी अशी अट घातली. आपल्या कामाला त्यातली रॅमची अट सगळ्यात उपयोगाची. या वर्गातले काही लॅपटॉप स्नॅपड्रॅगन चिपचे असतात. बॅटरी उत्तम, पण जुन्या प्रिंटरचा किंवा जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरच्या डाँगलचा ड्रायव्हर त्यांच्यावर चालेलच याची खात्री नसते. घरात असं काही असेल तर आधी चौकशी करावी.

रॅम: किती आणि कशी बसवलेली

विंडोज ११ची कागदोपत्री किमान अट ४ जीबीची आहे. तेवढ्यावर यंत्र सुरू होतं, काम होत नाही. ८ जीबीवर रोजचा वापर चालतो, पण ब्राउझर, मीटिंग आणि एडिटिंग एकत्र उघडलं की दम लागतो, कारण अंगभूत ग्राफिक्सही आपली मेमरी याच रॅममधून घेतं. एडिटिंगसाठी १६ जीबी धरून चालावं.

आकड्याइतकाच ‘कशी बसवली आहे’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तीन प्रकार आढळतात: सगळी रॅम बोर्डावर डकवलेली, थोडी डकवलेली आणि एक रिकामा स्लॉट, किंवा सगळी रॅम काढता-घालता येणाऱ्या दोन स्लॉटांत. पहिल्या प्रकारात १६ जीबीपेक्षा कमी घेऊच नये. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात ८ जीबी घेऊन नंतर वाढवता येतात, आणि तेव्हा दुहेरी फायदा होतो. रॅम दोन वाटांनी जोडली गेली की अंगभूत ग्राफिक्सचा वेगही वाढतो. इंटेलच्या ‘आयरिस एक्सई’ ग्राफिक्सच्या बाबतीत तर एकाच स्लॉटमध्ये रॅम असेल, तर विंडोज त्याला ‘आयरिस एक्सई’ म्हणतच नाही, नुसतं ‘यूएचडी’ दाखवतं.

हे दुकानातच तपासता येतं. टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर गेलं की किती स्लॉट वापरात आहेत आणि रॅम कोणत्या स्वरूपाची आहे ते दिसतं. स्वरूपापुढे ‘रो ऑफ चिप्स’ असं असेल तर ती डकवलेली, ‘एसओडीआयएमएम’ असेल तर काढता-घालता येणारी. विक्रेत्याच्या स्मरणशक्तीपेक्षा यावर विश्वास ठेवावा.

पडदा: सगळ्यात कमी बोललं जातं, सगळ्यात जास्त बघितलं जातं

कार्डावर ‘१५.६ एफएचडी’ एवढंच असतं. म्हणजे पडद्याची कर्णरेषा १५.६ इंच आणि ठिपके १९२० गुणिले १०८०. हा तपशील अपुरा आहे, आणि नेमका इथेच दहा हजारांचा फरक लपलेला असतो.

कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं तपशीलपत्रक उघडलं तर पडद्यापुढे ‘४५ टक्के एनटीएससी’ किंवा ‘१०० टक्के एसआरजीबी’ असं काहीतरी आढळतं. एनटीएससी हा अमेरिकन रंगीत टीव्हीसाठी १९५३मध्ये ठरलेला रंगांचा आवाका. एसआरजीबी हे एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६मध्ये मांडलेलं, संगणकावर आणि इंटरनेटवर रूढ झालेलं माप. एनटीएससीच्या ४५ टक्के म्हणजे एसआरजीबीच्या साधारण ६० ते ६५ टक्के. म्हणजे आपल्या फोटो-व्हिडिओत जेवढे रंग असू शकतात त्यातले तिसऱ्या हिश्शाहून अधिक तो पडदा दाखवूच शकत नाही. एनटीएससीचे ७२ टक्के आणि एसआरजीबीचे १०० टक्के मात्र जवळपास सारखेच धरले जातात.

परिणाम असा होतो. कमी रंगांच्या पडद्यावर पैठणीचा लाल रंग विटकरी दिसतो, हापूसचा केशरी फिका वाटतो. मग आपण रंग चढवत जातो, आपल्या पडद्यावर नीट दिसेपर्यंत. तोच व्हिडिओ लोक फोनवर बघतात. फोनचे पडदे आता रंगांच्या बाबतीत बरेच उदार असतात, त्यामुळे तिथे आंबा भगभगतो आणि माणसांचे चेहरे उन्हात भाजल्यासारखे लाल दिसतात. चूक सॉफ्टवेअरची नसते, डोळ्याचीही नसते. पडद्याने खोटं सांगितलेलं असतं. टायपिंग आणि अर्ज भरणं एवढंच काम असेल तर ४५ टक्क्यांचा पडदा चालेल. फोटो-व्हिडिओला हात लावायचा असेल तर १०० टक्के एसआरजीबी हीच पहिली अट ठेवावी, प्रोसेसरच्याही आधी.

त्यानंतर उजेड. तो ‘निट’मध्ये मोजतात. २५० निट बंद खोलीत पुरतात. खिडकीशी, पडवीत किंवा वर्गात बसून काम करायचं तर किमान ३०० आणि जमल्यास ४०० हवेत. पडदा आयपीएस जातीचा असावा. टीएन जातीत मान थोडी हलली तरी रंग बदलतात. ओएलईडीचे रंग देखणे असतात, पण टाइमलाइन आणि टास्कबार तासन्तास एकाच जागी राहिले तर काही वर्षांनी त्यांचा पुसट ठसा उमटू शकतो. शिवाय उजेड कमी केल्यावर होणारी सूक्ष्म लुकलुक काहींच्या डोळ्यांना सोसत नाही. १९२० गुणिले १२०० ठिपक्यांचा पडदा मिळाला तर उंची नवव्या भागाने वाढते, आणि ती वाढ टाइमलाइनच्या कामी येते.

साठवण, बॅटरी, पोर्ट

एसएसडीबद्दल थोडक्यात. ‘५१२’ विकत घेतले की विंडोजमध्ये ४७६ दिसतात. कोणी फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीने मोजते आणि विंडोज १०२४च्या. ‘एनव्हीएमई’ जातीची एसएसडी घ्यावी. ‘ईएमएमसी’ साठवण असलेले अगदी स्वस्त लॅपटॉप आणि फक्त फिरत्या हार्ड डिस्कवर चालणारे जुने लॅपटॉप, दोन्ही टाळावेत. ५१२ जीबी पुरेशा आहेत, कारण पूर्ण झालेलं काम लॅपटॉपमध्ये ठेवायचंच नसतं. त्यासाठी बाहेरून जोडायची डिस्क घ्यावी आणि ज्याची पुनरावृत्ती होणार नाही अशा चित्रणाची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवावी. आजीची मुलाखत पुन्हा घेता येत नाही.

बॅटरीच्या जाहिरातीतले तास विसरावेत आणि ‘वॉट-तास’ बघावेत. ४२ वॉट-तासांची बॅटरी आठ-दहा वॉट खाणाऱ्या लेखनकामात चार-पाच तास जाते. व्हिडिओ बाहेर काढताना यंत्र ३० वॉट खाऊ लागलं तर तीच बॅटरी दीड तासाच्या आत संपते. ज्या गावात वीज दुपारी दोन-तीन तास जाते, तिथे हा हिशेब करूनच मॉडेल ठरवावं. यूएसबी-सीने चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर चार्जर बिघडल्यावर दुसरा सहज मिळतो. पण पोर्ट यूएसबी-सी आहे म्हणून त्यातून चार्जिंग होईलच किंवा बाहेरचा पडदा चालेलच असं नसतं. पत्रकात ‘पॉवर डिलिव्हरी’ आणि ‘डिस्प्ले पोर्ट’ हे शब्द शोधावेत.

मराठी टंकलेखनासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक, दोन्ही मराठी कळफलक अंगभूत आहेत. ‘ऑफिस’ या शब्दाची मात्र फोड करून घ्यावी: ते एकदाच पैसे भरून कायमचं आहे, की वर्षभराचं वर्गणीचं? दुसरं असेल तर पुढच्या वर्षापासून खर्च सुरू होतो. तो नको असेल तर लिबरऑफिस मोफत आहे. एडिटिंगसाठी विंडोज ११मध्ये क्लिपचॅम्प असतंच. त्याच्या मोफत आवृत्तीत १०८०पीपर्यंत व्हिडिओ निघतो. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती फार ताकदीची आहे, पण तिला यंत्रही तसंच लागतं. कोणतंही सॉफ्टवेअर पक्कं करण्याआधी शीर्षकात ‘ज्ञानेश्वर’, ‘तऱ्हा’, ‘क्षितिज’ असे शब्द टाकून बघावेत. जोडाक्षरं फुटली तर बाकीच्या सोयींचा उपयोग नाही.

गेमिंग, मॅक आणि वापरलेला

वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप ‘एडिटिंगला बेस्ट’ म्हणून पुढे केला जातो. वेग असतो, हे खरंच. पण वजन दोन किलोंच्या वर, चार्जर विटेएवढा, बॅटरी तोकडी, आणि स्वस्त मॉडेलांत पडदा पुष्कळदा तोच ४५ टक्के एनटीएससीचा. रिझॉल्व्हमध्ये रंगांचं आणि इफेक्ट्सचं काम नेमाने करणार असाल तरच तिकडे वळावं.

मॅकबुक एअरला पंखा नाही, पडदा चांगला आहे, आयमूव्ही आणि गॅरेजबँड मोफत आहेत, आणि २०२०च्या एम१ चिपपासून फोनचा एच.२६५ व्हिडिओ त्यावर सुरळीत चालतो. अडचण अशी की त्यात रॅम किंवा साठवण नंतर वाढवताच येत नाही. अ‍ॅपलने ऑक्टोबर २०२४पासून एअरची किमान रॅम १६ जीबी केली. त्याआधीचं ८ जीबीचं यंत्र सवलतीत मिळत असेल तर हे लक्षात ठेवून निर्णय घ्यावा. कार्यालयात किंवा कॉलेजात फक्त विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर असेल तर मॅकचा विचार तिथेच संपतो.

बजेट तीस हजारांच्या आत असेल तर नव्या कमकुवत लॅपटॉपपेक्षा कंपन्यांनी वापरून काढलेला थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक बरा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि बहुतेक शहरांत असे ‘रिफर्बिश्ड’ लॅपटॉप मिळतात. इथे पिढी बघणं फार महत्त्वाचं. विंडोज १०चं नियमित मोफत समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ला संपलं, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. सहाव्या-सातव्या पिढीचे ढीग म्हणूनच स्वस्त झाले आहेत. ते घेऊ नयेत. बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये कळते. ती निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागावेत.

दुकानात आणि नंतरच्या आठवड्यात

जाताना आपल्याच फोनवरची एक मिनिटाची क्लिप पेन ड्राइव्हवर न्यावी. ती लॅपटॉपमध्ये कॉपी करून क्लिपचॅम्पमध्ये उघडावी, मधूनच चार तुकडे करावेत, मागेपुढे उड्या माराव्यात, आणि चालताना टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचा ‘व्हिडिओ डीकोड’ हा आलेख हलतो का ते बघावं. हलत असेल तर बेरजेचं काम योग्य जागी होतंय. क्लिप उघडलीच नाही तर यंत्राला लगेच दोष देऊ नये. विंडोजला एचईव्हीसीसाठी एक छोटा जोड लागतो, आणि तो प्रत्येक मॉडेलमध्ये आधीपासून नसतो. पडद्यासाठी फोनमधला एखादा लालभडक फोटो दोन्हीकडे शेजारी धरून बघावा. ही तपासणी पाच मिनिटांत होते, आणि ऑनलाइन घेणाऱ्यानेही जवळच्या दुकानात जाऊन ती करावी.

मॉडेलचं नाव नव्हे, तर खालच्या स्टिकरवरचा पूर्ण क्रमांक टिपून घ्यावा. एकाच नावाखाली चार पडदे आणि तीन प्रोसेसर विकले जातात. बिलावर तोच क्रमांक, सिरीयल नंबर आणि दुकानाचा जीएसटी क्रमांक असावा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो. ‘बिलाशिवाय कमी करतो’ या सवलतीत वॉरंटी अडकू शकते. आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी सेवा केंद्र आहे का, की लॅपटॉप पुण्याला पाठवावा लागतो, हेही आधीच विचारावं.

दोन मॉडेलांत मन अडकलं तर क्रम असा लावावा: आधी पडद्याचे रंग, मग प्रोसेसरचा आराखडा, मग डकवलेली रॅम, मग वजन आणि बॅटरी, आणि सगळ्यात शेवटी एसएसडी. ८ जीबी डकवलेली रॅम आणि फिक्या पडद्याचा आय७ विरुद्ध १६ जीबी आणि पूर्ण रंगांचा आय५ असा सामना असेल, तर आय५ घ्यावा.

घरी आणल्यावर नव्या लॅपटॉपला जपत बसू नये. पहिल्याच आठवड्यात एक पूर्ण काम त्याच्यावर करावं: चित्रण फोनमधून उतरवणं, कापणं, आवाज, मराठी शीर्षकं, फाइल बाहेर काढणं, सगळं. पंखा किती ओरडतो, कळफलक किती तापतो, कुठली कळ अडते, पडद्याच्या कोपऱ्यात उजेड गळतो का, हे सगळं तेव्हाच कळतं. परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. अडचण निघायचीच असेल तर दुकानदार अजून ओळख देतोय तोवर निघालेली बरी.